महाराजबागेचा कूलर आणि त्याची टाकी

मार्च लागला की नागपुरात घराघरांतून कूलर बाहेर निघतात. पाणी झिरपत राहणाऱ्या बाजूच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात, पंप धुऊन साफ होतो, आणि नवतपा (मेअखेरचे नऊ कडक दिवस) संपेपर्यंत टाकी कोरडी पडू न देण्याचं काम घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. मृगाचे दोन पाऊस झाले की तोच कूलर खोली दमट करून सोडतो आणि बंद होतो. कोरडी हवा पाणी ओढून घेते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते. हवा आधीच ओली असेल तर हा व्यवहार मंदावतो. सीताबर्डीला लागून असलेल्या महाराजबागेत भर उन्हाळ्यात जो गारवा लागतो, त्याचा बराचसा भाग याच व्यवहारातून येतो. इथे ताटीचं काम पानं करतात आणि टाकी जमिनीत असते. बागेची निगा राखताना चुका होतात त्या बहुतेक या टाकीच्या बाबतीत, कारण ती दिसत नाही.

आधी गारव्याचा हिशेब करू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. चांगल्या घेराचं एखादं मोठं झाड दिवसाला १०० लिटर पाणी पानांवाटे सोडत असेल, तर दहा तासांच्या उजेडात ते सरासरी पावणेसात किलोवॅट दराने उष्णता खर्च करतं. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो. फरक असा की एसी ती उष्णता, आपल्या विजेची भर घालून, खिडकीबाहेर फेकतो. झाड ती वाफेत अडकवून वर पाठवतं.

पण यावरून बागेतली हवा दहा अंशांनी थंड असते असं कुणी सांगितलं तर मानू नका. मोकळ्या हवेला भिंती नसतात, गार झालेली हवा वाऱ्यासोबत निघून जाते. शहरी बागेत हवेचं तापमान आसपासच्या रस्त्यापेक्षा साधारण १ ते ३ अंशांनीच कमी भरतं. अंगाला जाणवणारा फरक मात्र बराच मोठा असतो, कारण उन्हातल्या माणसाला वरून सूर्य भाजतो आणि खालून तापलेली फरशी. मेच्या दुपारी सिमेंटचे गट्टू पन्नाशीच्या बरेच वर तापतात. दाट सावलीतली पालापाचोळ्याची जमीन हवेच्या तापमानाच्या आसपासच राहते. शिवाय पारा ४५ च्या पुढे गेला आणि गरम वारा सुटला की झाड स्वतःच भर दुपारी पानांवरची रंध्रं आवळून घेतं, नाहीतर ते वाळेल. त्या दोन-तीन तासांत आपल्याला मिळते ती मुख्यतः सावली. कूलर चालतो तो सकाळी आणि उतरत्या उन्हात. दुपारची ही सुट्टी किती लांबेल, हे टाकीत पाणी किती उरलंय त्यावर ठरतं.

ही टाकी कशाची आहे ते पाहू. बाग भोसल्यांच्या काळातली. इंग्रजी अमलात १८९४ पासून इथे प्राणिसंग्रहालय आहे, १९०६ मध्ये शेजारी कृषी महाविद्यालय आलं, आणि आज बागेचा कारभार त्या महाविद्यालयामार्फत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. जवळून नाग नदी वाहते. राजांनी बागेला जागा निवडताना मातीची चाचणी केली नसेल, पण नदीकाठची खोल माती आणि हाताशी पाणी ही पारख तेव्हाच्या माळ्यांना होतीच. नागपूर जिथे वसलंय तिथे दख्खनच्या लाव्हाचा थर पूर्वेकडे संपत जातो आणि त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. पश्चिम भागातली काळी माती या लाव्हाच्या बेसाल्ट खडकाची. शेतकऱ्यांच्या भाषेत कन्हार म्हणजे खोल काळी, मोरंड म्हणजे जरा हलकी आणि चुनखडीचे खडे असलेली, खरडी म्हणजे उथळ, आणि बरडी म्हणजे गोटाळ. झाडासाठी टाकीचा आकार या नावांतच लिहिलेला आहे.

काळ्या मातीतली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची असते. तिच्या कणांच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आकसते आणि भेगा पडतात, कधी हात आत जाईल एवढ्या. एक मीटर खोल काळी माती पावसाळ्याअखेर भरली की त्यातलं साधारण १५० मिलिमीटर पाणी झाडाला ओढता येतं. बाकीचंही पाणी तिथे असतं, पण कण ते इतकं घट्ट धरून ठेवतात की मुळांची ताकद पुरत नाही. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. १५ मीटर व्यासाच्या घेराखाली, म्हणजे फांद्या जिथवर पसरतात तेवढ्या वर्तुळाखाली, सुमारे १७७ चौरस मीटर जमीन येते, म्हणजे टाकी झाली साडेसव्वीस हजार लिटरची. रोज १०० लिटरने ती २६५ दिवस पुरते. ऑक्टोबर ते मृग हे अंतर साधारण आठ महिन्यांचं, म्हणजे अडीचशे दिवसांचं. हिशेब बराच ढोबळ आहे. उन्हाळ्यात रोजची मागणी वाढते, शेजारची झाडं त्याच मातीतून पितात, गवतही वाटा घेतं. उलट मुळं घेराच्या बाहेरही दूरवर जातात आणि पानगळीची झाडं काही आठवडे पाणी जवळपास वापरतच नाहीत. तरी ताळा जमतो, आणि एप्रिलच्या रखरखाटात कडुनिंब आणि पिंपळ कोवळी पालवी कशाच्या भरवशावर फोडतात याचा अंदाज येतो. पाऊस दोन महिने दूर असताना त्यांची उधारी मागच्या पावसावर चालते.

आता त्याच झाडाभोवती चकचकीत पायवाट करूया, म्हणजे बुंध्याला दोन बाय दोन मीटरचा चौकोन सोडून बाकी सगळीकडे काँक्रीट आणि त्यावर गट्टू. उघडी जमीन राहिली चार चौरस मीटर. तिच्यातली टाकी ६०० लिटरची, सहा दिवसांची. मुळं काँक्रीटखाली पसरलेली असतात हे खरं, पण तिथे वरून पाऊस भरला जात नाही. बाजूने जेवढी ओल सरकेल तेवढीच, आणि चिकण मातीत पाणी आडवं फार हळू सरकतं. बुंध्याभोवती एक मीटर जागा सोडली की झाड सुरक्षित, असा समज पक्का आहे. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांच्या मीटरभर परिघातलं काँक्रीट काढायला लावलं, ते गळ्याचा फास सोडवण्यापुरतं योग्यच होतं. पण मीटरभर जागा ही बुंधा जाड व्हायची सोय झाली, पाण्याची नव्हे. पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्यापाशी नसतातच. ती वरच्या ३० सेंटिमीटर मातीत, घेराच्या कडेला आणि त्याच्याही पलीकडे असतात.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्यांपैकी हवेने भरलेला भाग एकूण आकारमानाच्या १० टक्क्यांखाली गेला की मुळं गुदमरू लागतात. काळ्या मातीत ही मर्यादा लवकर येते, आणि ती आणण्यात फिरायला येणाऱ्यांच्या पायांचा मोठा हात असतो. पावसाळ्यात. मे महिन्यात दगडासारख्या वाळलेल्या काळ्या मातीवर हजार लोक चालले तरी फारसं बिघडत नाही. ऑगस्टमध्ये पायवाट चिखलाची झाली म्हणून लोक बाजूच्या झाडाखालून जाऊ लागतात, तेव्हा दोन आठवड्यांत माती मळलेल्या कणकेसारखी दाबली जाते. जमीन ओली असताना झाडाखाली दोरी बांधणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो फार कमी ठिकाणी दिसतो.

माती किती दाबली गेली आहे हे पाहायला वाफशावर, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी असताना, बोटभर जाडीची सळई हाताने दाबून बघावी. वीस-पंचवीस सेंटिमीटर सहज गेली तर ठीक, पाच-सातवर अडली तर जमीन बसलेली आहे. आकडा हवा असेल तर १० सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा पत्र्याचा नळकांडा मातीत ठोकून काढायचा, माती १०५ अंशांवर चोवीस तास सुकवायची आणि वजन करायचं. नळकांड्यात ७८५ घनसेंटिमीटर माती मावते. सुकं वजन १,१०० ग्रॅमच्या आसपास आलं, तर घनता १.४ झाली आणि चिकण मातीत मुळांचा रस्ता तिथेच अवघड होतो. हे मोजमाप वाफशावरच करावं. काळी माती वाळताना आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात केलेली मोजणी उगाच घाबरवते.

याहून वाईट म्हणजे भराव. सुशोभीकरणाचं काम निघालं की बाहेरून लाल माती किंवा मुरूम येतो आणि जमीन एकसारखी करताना बुंध्यावर वीतभर थर चढतो. झाडाचा बुंधा जमिनीला मिळताना बाहेर पसरतो, मुळांच्या पाळी दिसतात. एखादं जुनं झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसलं, तर त्याचे पाय पुरलेले आहेत असं समजा. पुरलेली साल सतत ओली राहून कुजते आणि खालच्या मुळांची हवा तुटते. झाड लगेच मरत नाही, साठवलेल्या अन्नावर ते तीन-चार वर्षं काढतं. मग शेंडा विरळ होतो, वरच्या फांद्या वाळतात, भिरूड (खोड पोखरणारी कीड) आणि बुरशी येते, आणि दोष किडीवर जातो. भराव टाकणारा ठेकेदार तोवर दुसऱ्या बागेत पोहोचलेला असतो. औषध फवारण्याआधी बुंध्याची माती हाताने उकरून पाळी मोकळ्या कराव्यात. फावड्याने केलं तर सालीला जखम होते.

हिरवळीबद्दल एक मत सांगायला हवं, ते सगळ्यांना आवडणार नाही. जुन्या झाडाखाली हिरवळ नको. तिला रोज थोडं पाणी लागतं, त्याने वरची दहा सेंटिमीटर माती सतत ओली राहते, आणि चिंच, कडुनिंब, बहावा यांसारख्या कोरड्या ऋतूची सवय असलेल्या झाडांच्या बुंध्याला ते सोसत नाही. गवत कापायच्या यंत्राची दोरी दर पंधरवड्याला सालीला घासते. सालीखालचा वाढीचा थर चहूबाजूंनी कापला गेला की पानातलं अन्न मुळांना पोहोचणं बंद होतं, मग झाड कितीही मोठं असो.

त्या जागी पालापाचोळा पुरतो. आठ-दहा सेंटिमीटरचा थर घेराच्या कडेपर्यंत पसरावा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. सागाची पानं आख्खी टाकू नयेत. ती कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाऊस त्यावरून वाहून जातो, म्हणून तुकडे करावेत. लाकडाचा ताजा भुसाही टाळावा, तो कुजताना वरच्या मातीतला नत्र ओढतो. वाळवी लागेल ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. बागेतली वाळवी बहुतेक वेळा मेलेली साल आणि सुका पाला खाते, जिवंत निरोगी झाडाला ती क्वचितच हात लावते. आगीची भीती मात्र खरी आहे. फेब्रुवारीनंतर रस्त्याकडेच्या पट्ट्यात ताजा सुका पाला न ठेवता अर्धवट कुजलेलाच टाकावा.

बसलेली जमीन मोकळी करायचा हंगाम म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर, माती वाफशावर आली की. बुंध्यापासून दोन मीटर सोडून घेराच्या कडेपर्यंत, चाकाच्या आऱ्यांसारखे सहा ते आठ चर घ्यायचे, प्रत्येकी वीस-पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि पंचवीस-तीस खोल. खोदकाम हाताने. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर ते तसंच ठेवून त्याच्याखालून माती काढायची. निघालेलीच माती तीन भाग आणि चाळलेलं कुजलेलं खत एक भाग असं मिसळून चर भरायचा, तुडवायचा नाही. दुसरी पद्धत गिरमिटाने भोकं पाडण्याची आहे. पाच सेंटिमीटर व्यासाची, तीस-चाळीस सेंटिमीटर खोल, साठ-साठ सेंटिमीटरवर. ती जलद होते, पण ओल्या काळ्या मातीत गिरमिट फिरलं की भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पावसाळ्यात प्रत्येक भोक पाणी धरून बसतं. सळईने भिंती खरवडल्याशिवाय त्यात काही भरू नये.

नव्या रोपांच्या खड्ड्यातही हीच गफलत होते. काळ्या जमिनीत तीन फुटी खड्डा करून त्यात हलकी लाल माती भरली की भोवतालची चिकण माती पाणी जाऊ देत नाही आणि खड्ड्याचा हौद होतो. रोप जुलैत पिवळं पडतं, माळी पाणी कमी पडलं म्हणून आणखी देतो, ऑगस्टमध्ये मुळं कुजलेली निघतात. खड्ड्यात त्याच जागेची माती आणि चौथा हिस्सा खत पुरे. भिंती पहारीने खरवडाव्या आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंचवट्यावर बसवावं. पिवळी पानं आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर कारण बहुधा चुनखडी असते. जास्त चुन्याच्या मोरंड मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, तिथे युरिया टाकून काही होत नाही.

टँकरने टाकी भरता येते का? दहा मीटर व्यासाचा घेर असलेल्या झाडाला कडेच्या दोन मीटर रुंद पट्ट्यात, एक मीटर घेराच्या आत आणि एक बाहेर, फक्त ३० सेंटिमीटर खोल ओल पोहोचवायची तर सुमारे ४५ मिलिमीटर पाणी द्यावं लागतं. तो पट्टा ६३ चौरस मीटरचा, म्हणजे २,८०० लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये दोन झाडंही पुरती भागत नाहीत. म्हणून टँकर राखून ठेवावा तो तीन वर्षांखालच्या रोपांसाठी आणि नुकतीच मुळं तुटलेल्या मोठ्या झाडांसाठी. द्यायचं तेव्हा बुंध्याशी आळं न करता कडेला वीतभर खोल गोल चर काढून संध्याकाळी सावकाश सोडावं. भेगाळलेल्या जमिनीत जोराने सोडलेलं पाणी सरळ भेगेतून खाली निघून जातं आणि वरची माती कोरडीच राहते. आधी थोडं पाणी शिंपडून तास-दीड तास थांबलं की भेगांची तोंडं मिटू लागतात.

सांडपाणी शुद्ध करून वापरण्यात नागपूर जुनं आहे, कोराडीच्या वीजकेंद्राला ते जातंच. बागेसाठीही ते चांगलं, पण काळ्या मातीत त्यातल्या सोडियमवर नजर हवी. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पावसात माती लापशीसारखी होते आणि वाळल्यावर वर पापुद्रा धरते. शेतकरी ज्याला चोपण म्हणतात ते हेच. पानांच्या कडा करपणं ही पहिली खूण. माती तपासून जिप्सम द्यावं लागतं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं आणि पाऊस तो खाली धुऊन नेतो. निचरा नसेल तर जिप्समचा पैसा वाया.

एक दावा जरा आवरून करायला हवा. बागा पूर थांबवतात असं सर्रास म्हटलं जातं. जूनमध्ये भेगाळलेली काळी माती पहिले पाऊस अधाशासारखी पिते हे खरं, पण एकदा फुगली की तिच्यात पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात पूर आला, तो पावसाळ्याच्या शेवटी, काळी माती भरून गेलेली असण्याच्या दिवसांत. पाला, हिरवी झुडपं आणि मुळांनी केलेली छिद्रं असलेली जमीन काँक्रीटपेक्षा पाणी नक्कीच जास्त वेळ थोपवते, पण तिच्या भरवशावर नाल्याच्या काठी बांधकाम करू नये.

झाडं पडतात ती मात्र बहुधा मे-जूनच्या वादळात, आणि पडलेल्या झाडाचं मूळ पाहिलं तर अनेकदा एका बाजूला सरळ रेषेत कापलेलं आढळतं. तिथे काही वर्षांपूर्वी केबल किंवा पाइपचा चर गेलेला असतो. साडेचार फूट उंचीवर खोडाची जाडी मोजायची आणि तिला बाराने गुणायचं. ६० सेंटिमीटर जाड खोडाला ७ मीटर २० सेंटिमीटर. बुंध्याभोवती एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात यंत्राने खोदू नये. दुसरी वाट नसेल तर मीटरभर खालून आडवं भोक पाडून पाइप न्यावा, बहुतेक मुळं त्याच्या वरच असतात.

फांद्यांबद्दल थोडक्यात. जड फांदी एका घावात कापली की ती पडताना बुंध्याची साल ओरबाडत नेते. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग जरा पुढे वरून काप घेऊन फांदी उतरवायची, आणि उरलेला खुंट बुंध्यालगतच्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेर कापायचा. तो कडा कापला तर जखम भरून यायला अडचण होते, आणि लांब खुंट ठेवला तर तो आत कुजत जातो. वर डांबर लावू नये, त्याखाली ओल कोंडते. ढोलीत सिमेंट भरणंही तसंच; झाड वाऱ्यात वाकतं, सिमेंट वाकत नाही, आणि दोन्हींच्या फटीत पाणी साठतं. ढोली असलेलं झाड धोकादायकच असतं असंही नाही. ९० सेंटिमीटर जाडीच्या खोडात ढोलीभोवती सगळीकडून १५ सेंटिमीटर निरोगी लाकूड असेल, तर ती नळी बरीच भक्कम असते. लाकडी हातोडीने ठोकत गेलं की आवाज कुठे पोकळ होतो ते कळतं आणि नेमकी जाडी बारीक ड्रिलने तपासता येते. हे तपासायच्या आत झाडावर कुऱ्हाड पडत असेल तर महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्याची २०२१ ची दुरुस्ती दाखवावी. तीत पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्ष मानलंय, आणि तोडण्याची परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. वय नुसत्या खोडाच्या जाडीवरून सांगू नये. सागाच्या खोडात वर्षाची वलयं बऱ्यापैकी स्पष्ट उमटतात, वड-पिंपळात नाहीत, आणि त्याच जातीचं झाड कन्हारीत आणि बरडीत निम्म्या-दुप्पट वेगाने वाढतं.

गट्टू आधीच बसवलेले असतील, तर ते काढण्याचं काम पावसाळा संपल्यावर हातात घ्यावं. भर उन्हाळ्यात काढले तर वर्षानुवर्षं सावलीत राहिलेली वरची मुळं एकदम उन्हात उघडी पडून भाजतात. ऑक्टोबरात घेराच्या कडेकडून सुरुवात करावी, खालचं काँक्रीट तुकड्या-तुकड्यांनी फोडावं, जिथे मुळं दिसतील तिथे त्याच दिवशी ओलं पोतं आणि संध्याकाळपर्यंत पाला घालावा. फोडलेला मलबा बागेतच पसरू नये, सिमेंटच्या चुन्याने माती आणखी अल्कधर्मी होते आणि पुढच्या वर्षी पानं पिवळी पडतात.